हातातून डॅशबोर्डमध्ये

२०१२ सालच्या जून महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने दोन वस्तू लोकांसमोर आल्या. २२ जूनला टेस्ला कंपनीने कॅलिफोर्नियात ‘मॉडेल एस’ मोटारीच्या पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हवाली केल्या. तिच्या डॅशबोर्डच्या मधोमध १७ इंचांचा उभा पडदा होता आणि रेडिओची, एसीची जवळजवळ सगळी बटणं त्या पडद्यात गेली होती. २७ जूनला गूगलने ‘नेक्सस ७’ हा असूसने बनवलेला सात इंची टॅब्लेट जाहीर केला. किंमत १९९ डॉलर. त्या महागड्या गाडीचा पडदा आणि हा स्वस्त टॅब्लेट, दोन्ही चालत होते एनव्हिडियाच्या टेग्रा ३ या एकाच प्रोसेसरवर. गाड्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दोन्हींची आवड असणाऱ्यांना मग सरळच प्रश्न पडला: आपल्या जुन्या गाडीतला स्टिरिओ काढून तिथे हा टॅब्लेट का बसवू नये?

अनेकांनी बसवला. त्यातले काही अजून चालू असतील. बरेचसे पहिल्या उन्हाळ्यानंतर उतरवले गेले. हे काम दिसतं सोपं आणि सुरूही सोपंच होतं. अडचण पुढे येते, आणि ती कुठून येते हे आधी कळलं तर निम्मं काम झालं असं मला वाटतं.

टॅब्लेट हातात धरून वापरायची वस्तू आहे. हे इतकं उघड आहे की हात नेमकं काय काय करतो याकडे आपलं लक्षच जात नाही. पडद्यावर ऊन आलं की हात तो तिरका करतो. तापला की बाजूला ठेवतो. बॅटरी उतरली की पिन लावतो, काम झालं की बटण दाबून झोपवतो, निसटायला लागला की सावरतो. डॅशबोर्डमध्ये बसवल्यावर हात बाजूला होतो, पण ही कामं तशीच राहतात. प्रत्येक काम आता गाडीने, एखाद्या वायरने, एखाद्या पट्टीने किंवा एखाद्या छोट्या सर्किटने करायचं असतं. एकही सुटलं तर टॅब्लेट टिकत नाही.

घरातली वस्तू गाडीत न्यायची हौस जुनी आहे. अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिलं. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्टने आपला एएस ५ हा रेडिओ काढला. तो सुमारे १५ किलो वजनाचा आणि १० लिटर जागा व्यापणारा होता. डॅशबोर्डमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून रेडिओ दुसरीकडे ठेवून त्याचा नियंत्रणाचा भाग तेवढा स्टिअरिंगच्या दांड्यावर लावला जाई. किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. १९५६ मध्ये क्रायस्लरने तर गाडीत चक्क ग्रामोफोन दिला. गचक्यांत सुई उडू नये म्हणून ती जास्त दाबाने टेकवली होती, तबकड्याही मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या, खास बनवलेल्या. घरातल्या तबकड्या त्यावर वाजत नसत. काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. घरातलं यंत्र जसंच्या तसं गाडीत चालत नाही, गाडीच्या अटी त्याला मान्य कराव्या लागतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता मापांकडे येऊ. गाडीतल्या रेडिओच्या खाचेचं माप जगभर ठरलेलं आहे. जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेने ते ठरवलं आणि पुढे आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकात ते गेलं. एकेरी खाच १८० बाय ५० मिलिमीटर, दुहेरी १८० बाय १००. आपल्याकडे कार ॲक्सेसरीच्या दुकानात ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ म्हणतात ते हेच. नेक्सस ७ आडवा धरला तर १९८.५ मिलिमीटर लांब आणि १२० मिलिमीटर उंच. म्हणजे सात इंचांचा टॅब्लेटसुद्धा दुहेरी खाचेपेक्षा लांबीला साडेअठरा आणि उंचीला वीस मिलिमीटर मोठा आहे. पहिला आयपॅड मिनी त्याहून रुंद, १३४.७ मिलिमीटरचा. तेव्हा टॅब्लेट खाचेत जात नाही. तो खाचेच्या तोंडावर बसतो. त्यासाठी मधल्या भागाची प्लास्टिकची फ्रेम कापून, वाढवून, पुट्टी लावून, घासून, रंगवून नव्याने घडवावी लागते. एक सोय मात्र आपोआप होते. टॅब्लेटची जाडी जेमतेम एक सेंटिमीटर, त्यामुळे मूळ स्टिरिओने व्यापलेली मागची खोल पोकळी मोकळी राहते आणि बाकीची सगळी सामग्री तिथे ठेवता येते.

फ्रेमचं माप घेताना बहुतेक जण पडद्याकडे बघतात आणि तोंडांकडे बघायचं विसरतात. नेक्सस ७ मध्ये चार्जिंगचं आणि हेडफोनचं, दोन्ही तोंडं खालच्या कडेला आहेत. आडवा बसवला की ती बाजूला येतात, आणि साधी सरळ पिन लावली तर तिला तिथे आणखी दोन-तीन सेंटिमीटर जागा लागते. काटकोनात वळलेली पिन घ्यावी, आणि केबल तोंडावर लोंबकळत न ठेवता मागे क्लिपने पक्की बांधावी. गाडी हादरते तेव्हा लोंबणाऱ्या केबलचा प्रत्येक हिसका त्या नाजूक तोंडावर बसतो. टॅब्लेट धरून ठेवायला लोहचुंबक वापरण्याची युक्ती लोकप्रिय आहे, तिच्यातही एक खोच आहे. झाकण मिटलं की पडदा झोपावा म्हणून पुष्कळ टॅब्लेटमध्ये कडेजवळ चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. नेक्सस ७ मध्येही आहे. चुंबक नेमका तिथे आला तर टॅब्लेट झाकण मिटलंय असं समजून पडदा बंद करतो. होकायंत्राचंही गणित चुंबकामुळे बिघडतं. मी तर कडांना खाचा असलेली, वरून सरकवायची चौकट पसंत करीन. चुंबकाचा भरवसा नको.

विजेचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून तिथे थोडं थांबू.

बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या मागच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थ. नारिंगी गाडीचे दिवे लावल्यावर जिवंत होते. निळ्यावर पांढरी रेघ असलेली ॲम्प्लिफायरला चालू हो म्हणून सांगते. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या. गाडीच्या स्वतःच्या वायरिंगला मात्र हे रंग लागू असतीलच असं नाही. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, म्हणून रंगावर न जाता मल्टिमीटर लावून खात्री करायची. कपलर कापायचा नाही. त्याच गाडीसाठी मिळणारा जोड-कपलर विकत घेऊन त्याच्या वायरींवर काम करायचं, म्हणजे कधी मूळ स्टिरिओ परत बसवायचा झाला तर तो सरळ लागतो.

गाडीला आपण १२ व्होल्टची म्हणतो, पण तो आकडा क्वचितच खरा असतो. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर तो १३.८ ते १४.४ वर नेतो. स्टार्टर फिरतो त्या क्षणी तो ९-१० वर किंवा त्याहूनही खाली पडतो. आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधी निसटली, तर अल्टरनेटरच्या करंटला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळी घेतो. आयएसओ १६७५० या मानकात, संरक्षण नसलेल्या गाडीसाठी ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टची धरून उपकरणं तपासतात. ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी टिकते, पण स्वस्त कन्व्हर्टर जाळायला तेवढं पुरतं. टॅब्लेटला लागतात फक्त पाच व्होल्ट, आणि तेही स्थिर. म्हणून १२ चे ५ करणारा कन्व्हर्टर घेताना तो गाडीसाठीच बनवलेला आणि उसळीपासून संरक्षण असलेला हवा. घरच्या प्रयोगांसाठीच्या उघड्या सर्किट बोर्डावर भिस्त ठेवू नये.

यानंतरची तक्रार ठरलेली: पिन लावलेली आहे, चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, तरी मुंबईहून कोल्हापूरला पोचेपर्यंत बॅटरी उतरते. याची दोन कारणं असतात. पहिलं केबलमध्ये. साध्या यूएसबी केबलमधल्या तारा केसासारख्या बारीक असतात. एक मीटर लांबीच्या केबलमध्ये जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून रोध सुमारे ०.४ ओहम भरतो. त्यातून दोन अँपिअर न्यायला गेलात तर ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि टॅब्लेटच्या हाती पाचाऐवजी ४.२ येतात. तो मग आपणहून करंट कमी घेतो. उपाय सोपा आहे. कन्व्हर्टर डॅशबोर्डच्या पोकळीत टॅब्लेटला लागून ठेवायचा, तिथपर्यंत १२ व्होल्ट जाड वायरीने आणायचे आणि यूएसबीची केबल वीतभरच ठेवायची. दुसरं कारण ओळखीचं. पलीकडे चार्जर आहे की संगणक, हे टॅब्लेट केबलमधल्या माहितीच्या दोन तारांवरून ठरवतो. त्या दोन तारा चार्जरच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या आढळल्या तर पुष्कळ टॅब्लेट त्याला चार्जर मानतात आणि पूर्ण करंट घेतात. तसं नसेल तर संगणक समजून अर्ध्या अँपिअरवर समाधान मानतात. ॲपलची खूण वेगळी आहे, त्या तारांवर ठरावीक व्होल्टेज लागतो. सात इंची पडदा, जीपीएस आणि गाणी एकाच वेळी चालू असताना अर्धा अँपिअर पुरत नाही.

जुन्या टॅब्लेटला यूएसबीचं तोंड एकच असतं. त्यातून चार्जिंग घ्यायचं तर पेनड्राइव्ह किंवा रेडिओचा डोंगल लावता येत नाही, आणि डोंगल लावला तर टॅब्लेट स्वतःच वीज पुरवत बसतो. नेक्ससवर हा पेच इतका जाचक होता की एका स्वतंत्र प्रोग्रॅमरने खास गाडीसाठी त्याच्या अँड्रॉइडचा गाभाच बदलून दिला. त्यात दोन्ही गोष्टी एकदम चालत, शिवाय गाडीचा करंट गेला की टॅब्लेट गाढ झोपे आणि करंट आला की जागा होई. बटण दाबणाऱ्या हाताचं काम इतक्या नेमकेपणाने गाडीकडे सोपवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. असा बदल न करताही ‘टास्कर’सारख्या ॲपमधून बरंच साधतं: चार्जिंग आलं की पडदा चालू कर, गेलं की वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद कर, झोप. त्यासाठी टॅब्लेटला वीज लाल वायरीवरून द्यायची. पिवळीवरून दिली आणि उभ्या गाडीतही अर्धा अँपिअर जात राहिला, तर लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत पूर्ण रिकामी होते. गाडी स्टार्ट न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. आणि वायर कोणतीही घ्या, जिथून करंट घेतला तिथल्या तिथे दोन-तीन अँपिअरचा फ्यूज हवाच. तो टॅब्लेट वाचवण्यासाठी नसतो. पत्र्यावर घासून वायर उघडी पडली तर डॅशबोर्डला आग लागू नये, यासाठी असतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. स्टिरिओ काढला म्हणजे रेडिओही गेला आणि स्पीकर हलवणारा ॲम्प्लिफायरही गेला. हेडफोनच्या तोंडातून येणारी शक्ती कानापुरती असते, दारातल्या चार ओहमच्या स्पीकरला ती पुरत नाही. सीटखाली चार चॅनलचा वेगळा ॲम्प्लिफायर बसवावा लागतो. बसवल्यावर बहुतेकांना एक शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारा. टॅब्लेटचा अर्थ कन्व्हर्टरमधून एका ठिकाणी आणि आवाजाच्या केबलचा अर्थ ॲम्प्लिफायरमधून दुसऱ्या ठिकाणी गाडीच्या पत्र्याला मिळाला, की दोन्हींच्या मध्ये वर्तुळ तयार होतं आणि अल्टरनेटरची कुरकुर गाण्यात उतरते. दोन्ही अर्थ एकाच बोल्टवर घ्या. तरी राहिली तर मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर लावा किंवा आवाज ब्लूटूथने पाठवा. रेडिओची उणीव मात्र मला खरोखर जाणवते. सह्याद्रीतल्या पुष्कळ घाटांत मोबाइलचं नेटवर्क जातं, इंटरनेटवरची गाणी थांबतात, आणि अशा वेळी आकाशवाणी लागली तर सोबत होते. टीव्हीच्या यूएसबी डोंगलमधल्या आरटीएल२८३२यू या चिपने एफएम ऐकता येतो, पण एकच तोंड असलेल्या टॅब्लेटवर पुन्हा तोच पेच. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत हे ओघाने आलंच. आणि घेण्याआधी एक तपासा: आयपॅडच्या केवळ वाय-फायवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये जीपीएसची चिपच नसते, ती सिमकार्डाच्या मॉडेलमध्येच असते. नेक्सस ७ च्या साध्या मॉडेलमध्येही ती होती, म्हणूनही तो गाडीत आवडता ठरला.

आता उष्णता. बहुतेक टॅब्लेटचा डॅशबोर्डमधला मुक्काम इथे संपतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी कडक उन्हाळ्यात उभ्या गाड्यांचं तापमान मोजून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. बाहेर ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना, उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली होती, स्टिअरिंग ५३ वर, आणि डॅशबोर्ड ६९ वर. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात. तिथल्या डॅशबोर्डचा अंदाज वाचकाने करावा. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराची मर्यादा ३५ अंश आणि ठेवण्याची मर्यादा ४५ अंश सांगते, आणि उभ्या गाडीत ठेवू नका असं वेगळं बजावते. याउलट गाडीसाठी बनवलेल्या चिपांच्या सर्वांत सौम्य श्रेणींपैकी एक उणे ४० ते अधिक ८५ अंशांची आहे. हातातल्या वस्तू आणि गाडीतल्या वस्तू यांच्यातलं अंतर या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

सगळ्यांत आधी पडदा कुरकुरतो. एलसीडीतल्या द्रवस्फटिकांची शिस्त एका मर्यादेपलीकडच्या उष्णतेत मोडते आणि पडद्यावर काळे डाग उमटतात. थंड झाला की पडदा पूर्ववत होतो. बॅटरीचं तसं नाही. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत वारंवार तापली की तिची क्षमता कायमची घटते, आत वायू तयार होतो, ती फुगते आणि पडदा आतून उचलते. डॅशबोर्डमधल्या टॅब्लेटची पाठ दिसत नाही, त्यामुळे फुगवटा लवकर लक्षात येत नाही. फ्रेमच्या कडेला फट वाढलेली दिसली, काचेवर बोट टेकल्यावर ती थोडी दबली, तर टॅब्लेट त्याच दिवशी उतरवा आणि पुन्हा चार्ज करू नका. काही जण बॅटरीच काढून टाकतात आणि तिच्या संरक्षक पट्टीला कन्व्हर्टरने चार व्होल्टच्या आसपास वीज देतात. तत्त्वतः हे बरोबर आहे, उष्णतेत धोका देणारी गोष्टच राहत नाही. पण लिथियमच्या सेलजवळ सोल्डरिंगची तापलेली सळई नेणं हे सराव नसलेल्याचं काम नाही. माझा आग्रह साध्या उपायाचा आहे: टॅब्लेट निघता ठेवा. दोन सेकंदांत वर सरकवून काढता येईल अशी चौकट करा, आणि गाडी उन्हात लावताना तो बरोबर न्या किंवा निदान सीटखाली सावलीत ठेवा. मागच्या पोकळीत एसीच्या नळीतून बोटभर छिद्राने हवा सोडली तर चालत्या गाडीतही फरक पडतो.

टेस्लाचा पडदा गाडीसाठीच घडवलेला होता, तरी तिलाही वेगळ्या वाटेने हा धडा मिळाला. मॉडेल एसच्या त्या टेग्रा ३ च्या संगणकात आठ जीबीची साठवणुकीची चिप होती. अशा चिपवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, आणि गाडी रोज काही ना काही नोंदवत होती. पाच-सहा वर्षांत चिपा झिजू लागल्या, पडदे बंद पडले, मागचा कॅमेरा दिसेना, काचेवरचं दव घालवण्याची सोय चालेना. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या मागणीनंतर २०२१ च्या सुरुवातीला टेस्लाने जवळपास १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. टॅब्लेट तीन-चार वर्षांत बदलला जातो हे गृहीत धरून बनवतात. गाडी मात्र आपल्याकडे खाजगी नोंदणीच पहिल्यांदा १५ वर्षांची मिळते.

उन्हाचा दुसरा त्रास डोळ्यांना. टॅब्लेटची गुळगुळीत काच मागच्या खिडकीचं प्रतिबिंब दाखवते. वरची कड थोडी पुढे झुकवून बसवली आणि खडबडीत पृष्ठभागाची फिल्म लावली तर पुष्कळ सुसह्य होतं. रात्री उलटं होतं, तोच पडदा डोळ्यांत खुपतो. प्रकाश ओळखणारा सेन्सर पडद्याशेजारच्या काळ्या पट्टीत असतो. फ्रेमने तो झाकला तर टॅब्लेटला कायम अंधारच वाटतो, म्हणून कापण्याआधी सेन्सरची जागा टॉर्च फिरवून शोधून ठेवायची. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी तो घालूनच टॅब्लेट आडवा धरून पाहावा, कारण काही पडदे एका दिशेने पूर्ण काळे दिसतात.

यापुढचा भाग मी कळकळीने लिहितो आहे. एअरबॅगच्या वायरींवर आणि कपलरवर बहुधा पिवळा रंग असतो, आणि स्टिरिओची कायम करंटची वायरही पिवळीच. ही गफलत होऊ देऊ नका. डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवायचं आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितली तेवढी मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात वीज काही काळ साठून राहते. पिवळ्या कपलरला मल्टिमीटरही लावायचा नाही. रोध मोजताना मीटर स्वतः थोडा करंट सोडतो. टॅब्लेट किंवा त्याची चौकट एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येता कामा नये. ती साधारण तीन-चार शतांश सेकंदांत उघडते, आणि मध्ये आलेली वस्तू प्रवाशाच्या चेहऱ्यावर फेकते. ३४० ग्रॅमचा टॅब्लेट काही वजनदार नाही. पण अपघातात गाडी गुरुत्वाच्या तीसपट जोराने थांबली, तर त्याला जागेवर ठेवायला दहा किलोचं ओझं पेलण्याइतकी पकड लागते. दुहेरी टेप तेवढा टिकत नाही. गाडीच्या अंतर्भागासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २१ क्रमांकाच्या नियमात, डोकं आदळू शकेल अशा जागी कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी असं आहे. घरी घडवलेल्या फ्रेमला तेवढी गोलाई पॉलिश पेपरने सहज देता येते. धोक्याचे चारही इंडिकेटर लावण्याचं लाल त्रिकोणाचं बटण बहुतेक गाड्यांत स्टिरिओच्या वरच असतं; ते पडद्यामागे जाऊ देऊ नका.

आणि नजर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या याच सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये गाडी उत्पादकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळी रस्त्यावरून नजर हटण्याची मर्यादा दोन सेकंद ठेवली, आणि एका कामासाठी मिळून बारा. टॅब्लेटची नेहमीची ॲप्स या हिशेबाने बनवलेली नसतात. त्यांची बटणं हातात धरून, थांबून बघण्यासाठी असतात. म्हणून मोठ्या बटणांचा गाडीसाठीचा पडदा लावावा, आवाजासाठी खरंखुरं गोल फिरणारं बटण ठेवावं, जे न बघता बोटांना सापडतं, आणि एसीच्या खटक्यांना हात लावू नये. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातली उपकरणं फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतात. डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅब्लेटही मी याच कसोटीवर लावीन. चालकासमोर चित्रपट नको. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. स्टिरिओ बदलणं सहसा त्यात येत नाही, पण डॅशबोर्डची रचना मोडणाऱ्यांनी विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं.

सगळं वाचून एखादा म्हणेल, मग बाजारातला नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओच का घेऊ नये? बहुतेकांनी तोच घ्यावा. त्यात ॲम्प्लिफायर, रेडिओ, जीपीएसची अँटेना, मागच्या कॅमेऱ्याची सोय असते, गाडीच्या मॉडेलची फ्रेम तयार मिळते. याहून साधा मार्ग डॅटसनने २०१४ मध्ये भारतात ‘गो’ ही गाडी आणताना दाखवला: स्टिरिओऐवजी तिच्या डॅशबोर्डवर मोबाइल अडकवायची जागा दिली. फोन जुना झाला की नवा अडकवायचा, उतरताना खिशात घालायचा. मला ही कल्पना तिच्या काळाच्या पुढची वाटते. टॅब्लेट बसवायचाच असेल, घडवण्यात आनंद वाटत असेल, तर तो याच रीतीने बसवावा. नेक्सस ७ ला अँड्रॉइडची ५.१ पर्यंतचीच आवृत्ती मिळाली. आज नकाशांची नवी ॲप्स त्यावर चालत नाहीत. त्याच्या मापाची, पुट्टीने कायमची बुजवलेली फ्रेम ज्यांनी बनवली त्यांच्या डॅशबोर्डमध्ये आता निरुपयोगी पडदा आहे.

म्हणून मूळ फ्रेम कापू नका. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या सुट्या भागांच्या दुकानात त्याच गाडीची दुसरी फ्रेम मागवा, कापाकापी तिच्यावर करा आणि मूळ फ्रेम स्टिरिओसकट जपून ठेवा. टॅब्लेटभोवतीची चौकट फ्रेमला चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवा. पुढचा टॅब्लेट वेगळ्या मापाचा आला तर तेवढी चौकटच बदलेल. कापण्याआधी सगळी जुळणी घरच्या टेबलावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, आणि गाडीत बसवण्याआधी टॅब्लेट एक दिवस नुसत्या क्लिपवर लावून फिरा. हात कुठे पोचतो आणि ऊन कुठून येतं हे कागदावर समजत नाही. काम झाल्यावर कोणती वायर कुठून घेतली, अर्थ कोणत्या बोल्टवर आहे, कोणता फ्यूज किती अँपिअरचा आहे हे एका कागदावर लिहून गाडीच्या मॅन्युअलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी हा डॅशबोर्ड उघडणारा वायरमन दुसराच कुणी असेल आणि त्याला तो कागद लागेल.